अर्जदारापुरता

वकील बोलायला उभे राहिले तेव्हा ड्रायव्हरने बसल्या जागी हात जोडले. हायकोर्टातल्या शेवटच्या बाकावर तो, त्याची थोरली बहीण आणि भावोजी असे तिघे चिकटून बसले होते. नदीतली वाळू चोरून नेताना डंपर पकडला गेला, तेव्हा गुन्हा दोघांवर दाखल झाला होता. गाडीच्या मालकावर, म्हणजे भावोजींवर, आणि गाडी चालवणाऱ्यावर, म्हणजे याच्यावर. तो गुन्हा रद्द करून घ्यायला आज सगळे आले होते.

"अर्जदार त्या वेळी नदीवर नव्हते," वकील म्हणाले. "या वाळूशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. त्यांच्याविरुद्ध कुणी एक शब्द बोललेलं नाही."

"ड्रायव्हर काय म्हणतो?" न्यायमूर्तींनी चष्म्यावरून विचारलं.

"तो तर पकडल्यापासून एकच सांगतोय. गाडी मी नेली, मालकाला पत्ताही नाही."

ड्रायव्हरची मान आपोआप ताठ झाली. वाळूच्या गाडीवर बसणाऱ्याला गिअरच्या आधी हेच शिकवतात. पकडलं तर मालकाचं नाव घ्यायचं नाही. तू मालकाला सांभाळ, मालक तुला सोडवून आणतो. चौकीत कान लाल होईपर्यंत मार पडला, तरी हा पठ्ठ्या हलला नव्हता. आपल्या माणसासाठी मार खाल्ल्याचा त्याला अभिमान होता. ताई ऐकतेय ना, हे त्याने हळूच बघून घेतलं. ती समोर बघत होती.

सरकारी वकील उठले, काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. न्यायमूर्तींनी निकाल सांगितला. मालकाविरुद्ध पुरावा नाही. अर्जदारापुरता गुन्हा रद्द. लगेच पुढचं प्रकरण पुकारलंसुद्धा.

ड्रायव्हरच्या जिवात जीव आला. बाहेर व्हरांड्यात येताच तो वकिलांच्या पाया पडायला वाकला.

"साहेब, सुटलो एकदाचे!"

"हे सुटले." वकिलांनी भावोजींकडे बोट केलं. "तुमचा खटला खालच्या कोर्टात चालेल. अर्ज यांच्या एकट्याचा होता."

"मग माझाही करा की."

"काय लिहू त्यात? गाडी तुम्ही नेली, हे तुम्हीच सांगितलंत. त्यावरच तर हे सुटले." वकिलांनी अंगातला काळा गाऊन काढला, हातावर टाकला आणि ते घाईघाईने जिन्याकडे गेले.

ड्रायव्हर भावोजींकडे वळला. त्याला राग आला नव्हता, भीती वाटत होती. "भावोजी, आता खरं सांगून टाकू या. तुम्हीच फोन करून पाठवलं होतं मला. आत जाईन हो मी. लायसनही जाईल."

"हळू बोल." भावोजींच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही, समोरून माणसं येत-जात होती. "आणि उद्यापासून गाडीवर येऊ नकोस. दुसरा ड्रायव्हर बघितलाय मी. केस चालू असलेला माणूस ठेवला, तर पोलीस परत माझ्याच दारात."

ते पाणी प्यायला निघून गेले. व्हरांड्यात बहीण-भाऊ दोघेच उरले.

"ताई, अर्ज एकट्याचाच आहे, हे तुला माहीत होतं?"

ती पुढे झाली. त्याची दुमडलेली कॉलर तिने दोन्ही हातांनी सरळ केली, वरचं बटण लावलं, खांद्यावरची धूळ झटकली.

"असं तोंड पाडू नकोस रे," ती मायेने म्हणाली. "मला दोन पोरं आहेत, घर आहे. तू एकटा जीव. तुझ्यामागे रडायला आहे तरी कोण?"