धाकटीच्या नावावरचं काम

“धाकटीनं केलेलं सगळं काम वेगळं काढ,” सासरे म्हणाले. “जिचं जितकं काम, तितका तिचा कंपनीत वाटा. उद्या कागद करून टाकू.”

“मी काढू? तिची हरकत नाही ना?” थोरलीनं साळसूदपणे विचारलं.

“ताईच काढू देत, बाबा,” धाकटी म्हणाली. “माझा त्यांच्यावर विश्वास आहे.”

कशी गोड बोलते बघा! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या या दोघी जावाच. दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर थोरलीनं उभं केलं. मग अपघात होऊन ती वर्षभर अंथरुणाला खिळली आणि इकडे धाकटीचं नशीब उघडलं. पेशंटला घरबसल्या आपला नंबर बघता येईल अशी सोय तिनं केली आणि जो तो तिचे गोडवे गाऊ लागला.

त्याहून थोरलीच्या जिव्हारी लागली होती ती खुर्ची. शेजारी स्वतःचं टेबल, स्वतःचा कॉम्प्युटर असताना ही बया वर्षभर थोरलीच्याच जागेवर ठाण मांडून बसली होती. गेल्या आठवड्यात थोरली कामावर परतली, तर खुर्ची तळापर्यंत खाली केलेली. ठेंगणी कुठली!

आता सोक्षमोक्ष लागणार होता. दोघींचा कोड एकाच जागी साठवलेला असला, तरी प्रत्येक बदलावर नाव आपोआप लागायचं. थोरलीनं धाकटीच्या नावाचे बदल तेवढे बाजूला काढले.

मूठभर निघाले. कुठे रंग बदललेला, कुठे एखादं बटण सरकवलेलं.

“आणि ते नंबरचं?” सासऱ्यांनी विचारलं. “ते तिनंच केलं ना?”

“तिच्या नावावर तर कुठे दिसत नाही, बाबा,” थोरली म्हणाली. तिला आतून उकळ्या फुटत होत्या. “काय गं, एवढंच ना तुझं?”

“एवढंच, ताई,” धाकटी मान खाली घालून म्हणाली.

मोठा वाटा थोरलीचा ठरला.

सगळे गेल्यावर थोरलीनं हौसेनं स्वतःच्या नावाचे बदल उघडले. आपलंच काम कौतुकानं बघत ती खाली खाली आली आणि थबकली. ती नंबरची सोय तिथे होती. ओळ न् ओळ थोरलीच्या नावावर, थोरलीच्याच कॉम्प्युटरवरून केलेली. तारखा सगळ्या त्या वर्षातल्या, जेव्हा थोरलीला साधा घास तोंडात घालायलाही धाकटीचा हात लागायचा.