चार बिस्किटं, एक पांढरी प्लेट

"खाली फडकं नाही घातलंस?" क्लॅरीने विचारलं.

व्हर्नाने मान वळवली. गरम बिस्किटं थेट तारेच्या जाळीवर निवत होती. एक उचलून तिने उलटं केलं. तळावर चार रेघा, आखून काढल्यासारख्या.

"झालं वाटोळं! तुझी टकळी ऐकता ऐकता विसरले मी."

"डल्सी घालते फडकं, म्हणून म्हटलं," क्लॅरी पुटपुटला.

डल्सी म्हणजे क्लॅरीची बायको आणि व्हर्नाची शेजारीण. गावच्या प्रदर्शनात लॅमिंग्टन केकच्या, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्याच्या, चवीच्या बिस्किटांचा पहिला नंबर अकरा वर्षं तिचा, दुसरा व्हर्नाचा. यंदा डल्सी घोड्यावरून पडली. दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये, महिनाभर हॉस्पिटलात. आणि व्हर्नाने शेत विकलं होतं. पुढच्या महिन्यात ती मुलाकडे अ‍ॅडलेडला जाणार, कायमची. पहिल्या नंबरची निळी फीत मिळवायची ही शेवटची संधी होती. ती तिला हवी होती, अगदी लहान पोरीला हवी असावी तशी.

"परत कर ना," क्लॅरी म्हणाला.

"पिठात घालायचं खोबरं संपलंय, वर भुरभुरण्यापुरतंच उरलंय. दुकान आता सोमवारी उघडणार, आणि प्लेटा उद्या सकाळी नऊला द्यायच्यात. परीक्षक बाई उलटून बघणारच, आणि रेघा दिसल्या की नंबर गेला. त्या परीक्षक कशाच्या, पोलीसच."

तिने बिस्किटांवर चॉकलेट ओतलं, खोबरं भुरभुरलं. क्लॅरी बघत राहिला. त्याच्या मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. वेल्डिंगचे, असं सगळं गाव धरून चालायचं.

"खोबरं जरा जाड नाही वाटत?"

"क्लॅरी, तुला चहा तरी करता येतो का? महिन्यात तुझ्या घरचा ओव्हन पेटला नसेल. गप बस आणि जेवून जा."

क्लॅरी गप बसला आणि जेवून गेला. महिनाभर तो रोज तिच्याकडेच जेवत होता.

सकाळी तो गाडी घेऊन आला. नियमाप्रमाणे पांढऱ्या कागदी प्लेटमध्ये चार बिस्किटं, प्लेटखाली नावाची चिठ्ठी घडी करून चिकटवलेली. उरलेली बिस्किटं डब्यात, क्लॅरीसाठी.

"तू सावकाश ये. प्लेट मी देतो," तो म्हणाला.

दुपारी हॉलचं दार उघडलं. पहिल्या टेबलावर निळी फीत होती आणि शेजारी चिठ्ठी उलगडून ठेवली होती. अक्षर व्हर्नाचं. बायका टाळ्या वाजवू लागल्या. कुणीतरी तिला मिठी मारली. व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

मग सवयीने तिने एक बिस्कीट उलटं केलं.

तळ गुळगुळीत होता. वरचं खोबरं पिठासारखं बारीक, गेली अकरा वर्षं पहिल्या टेबलावर असायचं तसं.

ती बाहेर आली. क्लॅरी गाडीत बसून तिच्या डब्यातलं बिस्कीट खात होता. डब्यात एकच उरलं होतं, पालथं, चार रेघांचं.

"चव तुझीच भारी," तो म्हणाला आणि डबा तिच्यापुढे धरला. मनगटावरच्या जुन्या डागांशेजारी एक ताजा, लाल चटका होता.