ग्राउसची कलेजी

रघुवीरच्या मुलाचं, नकुलचं, मँचेस्टरला लग्न झालं, त्या २००६ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. लग्नासाठी गावाहून आलेल्या धाकट्या भावाला, शशीला, रघुवीर स्कॉटलंडच्या डोंगरात शिकारीला घेऊन गेला. बारा तारखेला ग्राउसचा हंगाम उघडतो. सोबत रघुवीरचा मँचेस्टरच्या गिरणीतला जुना सोबती केन होता. तंबू, गॅसची शेगडी, एक पातेलं, मिठाची पुडी आणि शशीच्या बायकोने, मनीषाने, करून पाठवलेलं कांदा-लसणाचं तिखट, एवढंच सामान.

दुपारपर्यंत रघुवीरने दोन पक्षी पाडले. ग्राउस म्हणजे आपल्या तित्तराचा थोराड भाऊ. शशी गुडघाभर झुडपांतून, पक्षी उठावेत म्हणून हाका देत पुढे चालला होता. दोन्ही पक्षी त्याच्याच पायाशी उठले.

"आठवडाभर टांगून ठेव," केन म्हणाला. "मग खरी चव येते."

"टांगायला तो काय कोट आहे?" रघुवीर मराठीत म्हणाला, आणि शशी खूप दिवसांनी हसला.

पक्षी गरम होते तोवर रघुवीरने पिसं उपटली. उरलेली लव शेगडीच्या जाळावर जाळली. मीठ-तिखट चोळून तुकडे पातेल्यात टाकले. दोन्ही कलेज्या मात्र त्याने बाजूला ठेवल्या आणि शेवटी सुरीच्या टोकावर धरून भाजल्या. बोराएवढ्या कलेज्या. त्यातली एक त्याने फुंकर मारून शशीपुढे धरली.

"दादा, मला नको."

"श्रावण आहे म्हणून? इथे कुठला रे श्रावण?"

"श्रावणाचं नाही. मनीषाचं ऑपरेशन होईपर्यंत खाणार नाही, असं अंबाबाईला बोललोय. हृदयाचं आहे, दादा. डॉक्टरांनीही खात्री दिली नाही."

"मग तुझ्या न खाण्याने देणार आहेत का? मसाला तर तिच्याच हातचा आहे. घे."

त्यांच्या घरात वडिलांपासूनची रीत होती. ज्याने पक्षी पाडला त्याने कलेजीचा पहिला घास हाका देणाऱ्याला भरवायचा. हाका देणाऱ्याने घास परतवला तर बंदुकीचा नेम जातो.

"रीत ठाऊक आहे ना तुला?" रघुवीर म्हणाला.

शशी म्हणाला, "ठाऊक आहे. पण दादा, माझा नवस खोटा आणि तुमचा नेम तेवढा खरा?"

 रघुवीरला तेव्हा थांबता आलं असतं. हात मागे घ्यायचा आणि कलेजी पातेल्यात टाकायची, एवढंच करायचं होतं. पण तो हात तसाच धरून बसला.

"चाळीस वर्षं या डोंगरात येतोय," तो म्हणाला. "माझ्यासाठी हाका द्यायला कोण होतं इथे? हा घास मी दरवर्षी एकटा खातो. आज तू आलास, आणि तूही नको म्हणतोस."

 बाप गेल्यावर शशीने दादाचा शब्द कधी मोडला नव्हता. त्याने कलेजी तळहातावर घेतली. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट-मोजे काढले आणि ओल्या गवतात अनवाणी उभा राहिला. पूर्व कुठे ते त्याने उन्हावरून ताडलं, तिकडे तोंड केलं आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, दादा. जे काय व्हायचं असेल ते तिला नको, मला होऊ दे, एवढंच म्हटलं."

रघुवीर मोठ्याने हसला. केनने काय झालं म्हणून विचारलं. रघुवीरने त्याला इंग्रजीत समजावून सांगितलं, तेव्हा तोही हसला. दोघे हसताहेत असं पाहून शशीही ओशाळून हसला. मग त्याने कलेजी तोंडात टाकली आणि कितीतरी वेळ चावली.

"मीठ बरोबर पडलंय," तो म्हणाला.

मनीषाचं ऑपरेशन आठ सप्टेंबरला मिरजेला झालं. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा ती लवकर हिंडूफिरू लागली. शशी त्याच वर्षी एक ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, शेताच्या बांधावर बसल्या जागी गेला.