आदि कैलासची गाडी

आईला, म्हणजे अक्काला, हिमालयातला आदि कैलास दाखवायचा म्हणून शशिधरनं जुनी जीप घेतली, त्याला चार वर्षं झाली. पुढं, रुतलेली गाडी ओढून काढायला, विंच बसवला, तर त्याच्या वजनानं गाडीचं नाक खाली बसलं. म्हणून स्प्रिंगा बदलल्या, तर गाडी उंच झाली आणि टायर बारके दिसायला लागले. मोठे टायर टाकले, तर ते वळताना घासायला लागले. कसबा बावड्यातल्या गॅरेजमधनं तो रोज कुणावर तरी खेकसूनच घरी यायचा.

आधी अक्का दर सोमवारी विचारायची, "कवा निघायचं रं?" गेलं वर्षभर तिनं तेही विचारायचं सोडलं होतं. तिचा आपल्यावरचा भरवसाच उडाला, या विचारानं तो आणखी चिडायचा.

आज अखेर जीप दारात उभी राहिली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली.

"अक्का, उद्या पहाटे निघायचं! पिशवी भर."

अक्का उंबऱ्यातच बसून राहिली. "शशी, चिडू नगंस. गेल्या वर्षी मी आजऱ्याला तुझ्या मावशीकडं पंधरा दिस गेलतो न्हवं?"

"व्हय. मग?"

"आजऱ्याला न्हवतो गेलो. मठातल्या बायकांसंगं कैलास बघून आलो. तुझा हिरमोड नगं म्हणून बोललो न्हाय."

शशिधरनं जीपकडं बघत विचारलं, "आणि तिथं वर डोंगरात कशातनं गेलतीस?"

 

"जीपच हुती की. तू घेतलीस तवा आपली हुती, अगदी तश्शी!"