मागची जागा

शाहू महाराज गादीवर आल्याच्या दुसऱ्या वर्षी मोहरम भर पावसाळ्यात आला. नवऱ्यानं बांधलेला ताबूत चाँदबीला एकदा तरी मिरवणुकीत बघायचा होता. मैत्रीण शालूबाई तिला घेऊन बावड्याहून चालत कोल्हापुरात आली. रंकाळा, राजवाडा बघून दोघी पेठेत पोचल्या, तर "बायकांनी मागं!" म्हणत बाप्यांनी त्यांना शेवटच्या रांगेत ढकललं. पुढं नुसते फेटेच दिसत होते.

तेवढ्यात पाऊस कोसळला. बापे धावत घरांच्या सोप्यांवर चढले. ताबुताचे रंग ओघळत होते, तरी खांदेकरी थांबले नाहीत. ताबूत थेट चाँदबीसमोर आला. ती भिजत बघत राहिली.

"ए बायांनो, पुढं काय करताय?" सोप्यावरून एकजण खेकसला. "मागं व्हा!"

"आम्ही जाग्यावरच हाय की!" शालूबाई ओरडली. "पळालासा तुम्ही!"