साक्षीचा रकाना

डिशमध्ये तीनच गर्भ होते. पाच हवे होते.

टेस्ट ट्यूब बेबी केंद्राच्या लॅबमधल्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. झाकणावर नाव आजच्या पेशंटचं, बसवरच्या कंडक्टरबाईचंच. आत तीन गर्भ, तिन्ही पाचव्या दिवसाला शोभतील असे. पाण्याने फुगलेला गोल, आणि आत एका कडेला पेशींचा छोटा पुंजका, ज्याचं पुढे बाळ होतं. दृष्ट लागावी असे. पण तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत या बाईचे पाच गर्भ होते. चार गर्भ आठ पेशींचे आणि एक चार पेशींवरच अडकून बसलेला. अडकलेला गर्भ वाढत नाही, कबूल. पण तो काही डिशमधून उठून चालू लागत नाही. पडल्या जागी दिसतोच.

मॅडमनी शेजारी ठेवलेली दुसऱ्या एका जोडप्याची डिश काढली. त्यांचे तीन असायला हवे होते. निघाले पाच. त्यातला एक चार पेशींचा, जसाच्या तसा.

म्हणजे मंगळवारी. तिसऱ्या दिवशी गर्भ जुन्या डिशमधून नव्या डिशमध्ये हलवतात, तेव्हाच अदलाबदल झाली. मॅडमच्या डोक्यात सणक गेली. एकाने गर्भ हलवायचा, दुसऱ्याने शेजारी उभं राहून दोन्ही डिशवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि साक्षीच्या रकान्यात सही करायची. हा नियम त्यांनीच घालून दिला होता, सगळ्यांचे कान किटेपर्यंत सांगितला होता. आणि मंगळवारी नेमक्या मॅडम स्वतःच्या मुलीच्या शाळेत, पालकसभेला. आपली पाठ फिरायचा अवकाश, की यांनी माती खाल्ली.

त्यांनी जुन्या टेक्निशियनला बोलावलं. सगळे त्यांना काकाच म्हणत. मॅडमनी त्यांना उभ्या उभ्या फैलावर घेतलं. पंधरा वर्षं हे काम करताय, नाव वाचता येत नाही? आणि साक्षीला जो होता, तो काय झोपा काढत होता? सही म्हणजे शोभेची वस्तू वाटली का? काका मान खाली घालून ऐकत राहिले. डिश मी हलवल्या, चूक माझी, एवढंच म्हणाले. साक्षीला कोण होतं विचारलं तर गप्प. मॅडम आणखीच भडकल्या. एवढं होऊनही हा माणूस दुसऱ्याला पाठीशी घालतो म्हणजे काय.

आवाज ऐकून मोठे डॉक्टर आत आले. बाहेर कंडक्टरबाई सकाळपासून पाणी पिऊन बसली होती. गर्भ आत सोडताना मूत्राशय भरलेलं लागतं. आमच्या नोकरीत धरून ठेवायची सवय होतेच, असं म्हणून तिने नर्सला हसवलंही होतं. तिची ही तिसरी आणि शेवटची खेप. यापुढे ना वय साथ देणार होतं, ना शरीर. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, नोंदीत आकडा चुकला असेल, आयत्या वेळी फाटे फोडू नका.

"आकडा नाही चुकला," मॅडम म्हणाल्या. "हे गर्भ तिचे नाहीत."

"सुदृढ मूल मांडीवर आलं की कोण मोजायला येतंय?"

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचं मूल तिच्या पोटात, तिचं हिच्या, आणि हा माणूस मांडीच्या गोष्टी करतो. त्यांनी ठणकावून सांगितलं, आजचं काम बंद. दोन्ही डिशमधले गर्भ गोठवायचे, कोणाचे कोणते ते तपासणी करून ठरवायचं, आणि दोन्ही घरांना आजच्या आज खरं सांगायचं. आणि साक्षीला जो कोणी होता, त्याला सोबत घेऊनच मी बाहेर जाणार. त्याने त्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

त्यांनी मंगळवारची फाईल मागितली. काकांनी ती पाठीमागे धरली होती. राहू द्या ना मॅडम, ते हळूच म्हणाले. मॅडमनी ती ओढूनच घेतली.

पान उघडलं. डिश हलवल्याची वेळ दुपारी अडीच. साक्षीच्या रकान्यात सही होती, ठसठशीत. त्यांनी पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. दिवसभराच्या सगळ्या पानांवर तीच सही, एकाच पेनाची, एका दमात केलेली.  मॅडमनी फाईल काखेत मारली आणि त्या एकट्याच बाहेर गेल्या.

कंडक्टरबाई लगेच उठली. चला मॅडम, आता धीर सुटायच्या आत उरका, म्हणाली. मॅडमनी तिला आधी मोकळं होऊन यायला सांगितलं. तेवढ्यावरच तिला कळलं की आज काही होणार नाही. ती परत आली, समोर बसली, आणि मॅडमनी तिला एकूण एक सांगितलं.  तिचा तोल सुटला. भरल्या बसमध्ये साठ माणसं मी दर थांब्याला मोजते, तुम्हाला पाच सांभाळता आले नाहीत?

"दोघं बघतात, असं तुम्हीच मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते दुसरं माणूस कुठंय? मला त्याचं तोंड बघायचंय."

मॅडमनी फाईल उघडून तिच्या मांडीवर ठेवली.

"बघा," त्या म्हणाल्या. "सकाळीच सगळ्या पानांवर सही करून मी निघून गेले होते."