साठ वर्षांचा हंगाम

यंत्राने हेकरू माशाच्या डोक्यावर निळा प्रकाश टाकला आणि त्याचं वय दाखवलं: एकाहत्तर.

हिरू पावसे दोन पावलं मागे सरला. हा मासा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता.

खोल समुद्रातले मासे किलोवर मोजणं केव्हाच बंद झालं होतं. हळू वाढणाऱ्या जाती संपू नयेत म्हणून प्रत्येक होडीला हंगामाला साठ वर्षं ठरवून दिलेली असत. धरलेल्या माशांच्या वयांची बेरीज त्यापुढे गेली, की होडी पुढच्या हंगामापर्यंत किनाऱ्यावर. आज हंगामाचा पहिलाच दिवस होता. आणि सत्तरी गाठली, की कुणालाच परवाना मिळत नसे.

मोजणीवरची तन्वी हिरूच्याच पाखाडीतली. तिने आवाज खाली आणला. "तात्या, तिथेच समुद्रात टाकून द्यायचात ना. कुणाला कळलं असतं?"

"वर येईस्तोवर मेला गो तो. पोट फुगलं, डोळे बाहेर आले. एवढं आयुष्य काढलेला जीव, त्याची कुठे नोंदसुद्धा नको?"

तन्वीने डोळे पुसले आणि आकडा चढवला. धक्क्याला लागलेल्या होडीवरचा हिरवा दिवा विझला.

हिरू होडीत चढला. चार दिवस पुरेल एवढं पिण्याचं पाणी बायकोने पहाटे भरून दिलं होतं. तो कॅन त्याने खाली उतरवला आणि धक्क्यावर सावकाश रिकामा केला.